जेलीफिशला नारिंगी दिसला तो हिवाळा

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि विमानं आमच्या डोक्यावरूनच उतरायची. त्यामुळे घरात बोलण्याची एक पद्धत पडून गेली होती. विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे थांबवायचं, ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे न्यायचं. बाबा जेवणाआधी प्रार्थना म्हणत, तिच्यात एखाददुसरं विमान यायचंच. आम्ही मान खाली घालून, डोळे मिटून, भातावरची वाफ जाईपर्यंत थांबायचो, आणि मग बाबा पुढचा शब्द उच्चारत, मधे काही झालंच नाही अशा थाटात. पाहुण्यांना वाटे, आम्ही फार भाविक आहोत. आता मी राहते तिथे विमानं येत नाहीत, तरी फोनवर बोलताना मी मधेच थांबते आणि पलीकडच्याला वाटतं लाइन कटली.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. बाबा सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले, लग्न करून आईला घेऊन आले, आणि मी तिथेच जन्मले. घरात मराठी आणि जिन्यात हिंदी, असा कारभार होता. माझी मराठी दिवसातून चारदा जिन्यापर्यंत जाऊन परत यायची, त्यामुळे तिला जिन्यातली बरीच धूळ लागलेली असायची. आईला याचं दुःख होतं, आणि मुख्यतः ते रंगांच्या बाबतीत होतं. ती एका मंत्रालयात स्टेनो होती आणि संध्याकाळी भरतकाम करायची. मी शेजारी बसून दोरे द्यायचे. तिने आमसुली मागितला की मी शेवाळी देत असे, पोपटी मागितला की कधी पोपटी तर कधी नारिंगी. "दिल्लीत वाढलेल्या मुलांना रंगांची नावंसुद्धा राहिली नाहीत," असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची, आणि त्याही आपापल्या मुलांची उदाहरणं देऊन माना डोलवायच्या.

मग तिने एक वही केली. तिच्यात दोऱ्यांचे बोटभर तुकडे चिकटवले आणि खाली नावं लिहिली: अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, तपकिरी. ही वही मी एका उन्हाळ्यात तोंडपाठ केली. दुसऱ्या ओळीतला तिसरा म्हणजे शेवाळी, तिसऱ्या ओळीतला पहिला म्हणजे तपकिरी. आई समाधान पावली. प्रत्यक्षात दोरा हातात आला की तो कुठल्या ओळीतला हे मला कळत नसे, पण तो माझ्या मराठीचा दोष आहे असं मीही धरून चालले होते. अज्ञानाला एकदा भाषेचं नाव मिळालं की ते सुसह्य होतं. शिवाय क्रेयॉनवर कागद असतो आणि कागदावर नाव असतं, टोमॅटो दाबून पाहता येतो, सिग्नलचा वरचा दिवा कुठला आणि खालचा कुठला हे सगळ्यांना माहीत असतं. मी बावीस वर्षांची होईपर्यंत माझं कुठेच अडलं नाही.

बाबांबद्दल इथे एवढंच सांगते की ते नकाशांच्या खात्यात होते. छापून आलेले नकाशे नजरेखालून घालायचे, चूक असेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि सही करायची, असं त्यांचं काम. घरी ते कमी बोलत. आईच्या भरतकामाचे वाद चालू झाले की ते पेपर उचलून बाल्कनीत जात.

एमएस्सीला मी नोएडातल्या एका कॉलेजात होते. द्वारकेहून मेट्रो थेट जायची, दीड तास लागायचा, आणि बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात एक प्रकरण वाचून होई. शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मला अरोरा मॅडम मिळाल्या. त्यांनी तिथे, समुद्रापासून हजारेक किलोमीटरवर, जेलीफिश पाळल्या होत्या. पुड्यांमधलं मीठ मोजून पाण्यात घालायचं आणि त्याला समुद्र म्हणायचं. या जेलीफिश नखाएवढ्या, पारदर्शक आणि चौकोनी होत्या, एखाद्या औषधाच्या डबीसारख्या. मूळच्या खारफुटीच्या मुळांमधल्या. आई त्यांना शेवटपर्यंत "तुझे ते जेलीचे मासे" म्हणत राहिली. त्या मासे नाहीत हे मी तिला बऱ्याचदा सांगितलं. "मग त्यांना फिश का म्हणतात?" ती विचारायची.

या प्राण्याला मेंदू म्हणावा असा अवयव नाही, पण डोळे चोवीस आहेत. डबीच्या चारी बाजूंना एकेक बारीक देठ लोंबतो आणि प्रत्येक देठावर सहा डोळे. त्यांतले चार नुसते उजेड-अंधार ओळखतात, पण उरलेल्या दोघांना आपल्यासारखं भिंग आहे, पडदा आहे. देठाच्या टोकाला एक जड खडा असतो. त्यामुळे जेलीफिश आडवी झाली, उलटी झाली, तरी देठ सरळ लोंबतो आणि भिंगाचा वरचा डोळा वरच बघत राहतो. तो पाण्यातून वरची झाडं बघतो. झाडांची सावली डोक्यावर आहे तोवर आपण घरी आहोत, एवढंच तिला त्यातून कळून घ्यायचं असतं. मला हे वाचून पहिल्यांदा वाटलं होतं की चोवीस डोळ्यांच्या मानाने अपेक्षा कमी आहेत.

माझा प्रश्न साधा होता. तिला रंग दिसतात का, आणि कुठल्या रंगाचा उजेड तिला सर्वात जास्त जाणवतो? एका लहान काचेच्या भांड्यात एक जेलीफिश ठेवायची, दिव्यासमोर रंगीत फिल्मची चौकट धरायची, मीटर लावून उजेडाची तीव्रता सगळ्या रंगांना सारखी करायची, दिवा लावायचा आणि तिची आकुंचनं मोजायची. उजेड जाणवला की तिची लय बदलते, नाही जाणवला तर ती आपली पहिल्याच चालीने चालत राहते. मॅडमनी फिल्मचे मोठे ताव आणले होते. ते कापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून, प्रत्येक चौकटीवर रंगाचं नाव लिहिण्याचं काम मी एका दुपारी मन लावून केलं. अक्षर सुंदर काढलं होतं.

तो सगळा हिवाळा मी आकुंचनं मोजली. अपेक्षा अशी होती की तिला निळसर हिरवा उत्तम दिसेल, हिरवा बऱ्यापैकी, आणि नारिंगी-तांबड्याकडे जावं तसं काहीच नाही, कारण तिच्या डोळ्यांत एकाच प्रकारचं रंगद्रव्य आहे. एकाच रंगद्रव्यावर रंग ओळखता येत नाहीत, नुसता उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. माझ्या वहीत मात्र वेगळंच दिसू लागलं. हिरव्याला जेलीफिश ढिम्म राहायच्या आणि नारिंगीला लगेच लय बदलायच्या. मी प्रयोग पुन्हा केला. जेलीफिश बदलल्या, पाणी बदललं, दिवा बदलला. नारिंगी कायम. मॅडम आधी वैतागल्या, आणि मग एके दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या पैशाने कॉफी मागवली. हे जर खरं असेल तर यात दुसरं काहीतरी रंगद्रव्य आहे, असं त्या म्हणाल्या. एका परिषदेसाठी त्यांनी माझं आणि त्यांचं नाव घालून गोषवारा पाठवला. मी घरी सांगितलं. आईने करंज्या केल्या. त्या नाताळात आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला जेलीफिशला नारिंगी दिसतो हे ऐकून घ्यावं लागलं.

जानेवारीत एका दुपारी मॅडम परिषदेतल्या पोस्टरसाठी फोटो काढायला प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी 'हिरवा' असं लिहिलेली चौकट उचलली, खिडकीकडे धरली, आणि विचारलं की यात नारिंगी फिल्म कोणी घातली. मी म्हणाले, तो हिरवा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग 'नारिंगी' लिहिलेली चौकट उचलली. तिच्यात पोपटी होता. त्या रागावल्या नाहीत. शरीरशास्त्राच्या विभागातून त्यांनी एक पुस्तक मागवून घेतलं, ज्यात पानभर रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. पहिल्या पानावरचा बारा मी वाचला, तो सगळ्यांनाच दिसतो. पुढे माझी गाडी घसरली. एका पानावर मला स्पष्ट एकवीस दिसत होते. मॅडम म्हणाल्या, तिथे चौऱ्याहत्तर आहेत.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि हिंदीत, सावकाश, शिकवल्यासारखं सांगितलं. मुलग्याला हा दोष एकट्या आईकडून येऊ शकतो. मुलीला यायचा तर दोघांकडून यावा लागतो, आणि आईकडे तो लपून राहू शकतो, वडिलांकडे नाही. "तुम्हारे पापा को भी होगा," त्या म्हणाल्या. "होगा ही." मग त्यांनी परिषदेला गोषवारा मागे घेत असल्याचं पत्र माझ्यासमोरच लिहिलं. त्यांचा आवाज जराही बदलला नाही, हे मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

ते पुस्तक मी दोन-चार दिवसांच्या बोलीवर घरी आणलं. शनिवारी सकाळी बाबा बाल्कनीत उन्हाला मटार सोलत बसले होते. दिल्लीत त्या दिवसांत प्रत्येक बाल्कनीत कोणीतरी मटार सोलत असतं. मी त्यांच्यासमोर पुस्तक धरलं आणि म्हटलं, जरा आकडे वाचा. त्यांनी हात पुसले नाहीत, चष्माही लावला नाही. मी पान उलटत गेले आणि ते सांगत गेले: बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. मला खरे आकडे दिसत नव्हते, म्हणून मी शेवटच्या पानावरच्या उत्तरांशी ताडून पाहत होते. एकही चुकला नाही. मी पुस्तक मिटलं. त्यांनी काय भानगड आहे असं विचारलंसुद्धा नाही. मटारची पुढची शेंग उचलली.

पुढचे चार दिवस मी ज्या अवस्थेत काढले ती आज लिहितानाही मला नीट बसू देत नाही. मी आरशात नाक पाहिलं. नाक बाबांचं होतं, असं आजवर सगळे म्हणत आले होते, पण सगळे म्हणतात त्यात काय. आईच्या ऑफिसातल्या माणसांची नावं मी मनात घोळवली. त्यांतले एक गृहस्थ आम्हाला दर दिवाळीला काजूकतली पाठवायचे, ते मी त्या आठवड्यात अनेक अंगांनी तपासले. आई पोळ्या लाटत स्तोत्र गुणगुणायची आणि मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहायचे. एकदा तिने विचारलं, काय हवंय? मी म्हणाले, पाणी. तिने दिलं.

बुधवारी सकाळी बाबा आणि मी नेहमीप्रमाणे बरोबर मेट्रोला निघालो. ते मधे कस्तुरबा गांधी मार्गाच्या जवळच्या स्टेशनावर उतरायचे, मी पुढे नोएडाला. प्लॅटफॉर्मवर त्यांनी विचारलं, शनिवारपासून तुझं काय चाललंय? मग मी सांगितलं. नारिंगी चौकटीपासून सगळं सांगितलं, कारण सुरुवात केल्यावर मधेच थांबता येईना. मॅडमनी सांगितलेला नियमही सांगितला.

"मुलीला असेल तर वडिलांना असतंच," मी म्हणाले. "नसेल तर..."

वाक्य तिथेच राहिलं. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गाडी गेली. बाबा चढले नाहीत. सदतीस वर्षांच्या नोकरीत ते ऑफिसला कधी उशिरा गेलेले मला माहीत नव्हते.

"तुझ्या आईबद्दल असा विचार तू किती दिवस करते आहेस?" त्यांनी विचारलं.

"शनिवारपासून."

"पुस्तक आहे?"

ते परत करायला म्हणून माझ्या पिशवीत होतं. आम्ही बाकावर बसलो. "मधलं कुठलंही पान उघड," ते म्हणाले. "ओळीने नको." मी उघडलं. ते बराच वेळ पाहत राहिले, या वेळी चष्मा लावून. मग म्हणाले, "एकवीस."

मलाही एकवीसच दिसत होते.

नोकरीच्या वेळी डॉक्टरी तपासणी होती, त्यांनी सांगितलं. रांगेत दारापाशी उभं असताना आत पुढच्या उमेदवारांचे आकडे ऐकू येत होते, प्रत्येकाचे तेच आणि त्याच क्रमाने. बाबांचा नंबर येईपर्यंत त्यांचे पाठ झाले होते. घरी आईवडील, दोन बहिणी, आणि नगरला दुसरी नोकरी नव्हती. नकाशावर जंगल हिरवं असतं आणि त्याच्यावरून उंचीच्या रेघा तपकिरी जातात. त्यांना त्या रेघा जंगलात शिरताना दिसायच्या आणि बाहेर पडताना दिसायच्या, मधलं ते बोटाने चाचपडून आणि जुन्या प्रतीशी जुळवून काढायचे. एखादा नकाशा अगदीच अवघड असला की शेजारच्या टेबलावरच्या त्यागीजींना म्हणायचे, एक नजर मार लो. त्यागीजी मारायचे. त्यांनी कधी विचारलं नाही. हे सगळं बाबांनी खाली बघत, एखादं परिपत्रक वाचावं तसं सांगितलं.

मी विचारलं, "माझं तुम्हाला माहीत होतं?"

"तू पहिलीत होतीस. बकरीचं चित्र काढलं होतंस. मला ते चांगलं वाटलं. खाली बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं की बकरी हिरवी नसते. तेव्हा कळलं."

मला राग आला. त्यांनी सोळा वर्षं आईला माझ्या मराठीला नावं ठेवू दिली, वही करू दिली, आणि स्वतः पेपर घेऊन बाल्कनीत जात राहिले. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, हो. त्यांनी सफाई दिली नाही. दिली असती तर मला भांडता आलं असतं. त्यानंतरच्या गाडीत आम्ही चढलो आणि त्यांचं स्टेशन येईपर्यंत एकमेकांच्या शेजारी उभे राहिलो.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, प्रार्थनेच्या आधी, त्यांनी आईला सांगितलं. आपल्याबद्दल सांगितलं, माझ्याबद्दल सांगितलं. माझ्या चार दिवसांबद्दल सांगितलं नाही, आणि मीही ते आईला आजवर सांगितलेलं नाही. आई वाटीत आमटी वाढत होती, ती वाढून झाली. मग तिने विचारलं, "मग साड्यांच्या दुकानात मला कुठला रंग खुलतो, हे तुम्ही इतकी वर्षं कशावरून सांगत होता?"

बाबा म्हणाले, "तू ज्या साडीवरून हात काढत नाहीस, तिच्यावरून."

आई आत गेली आणि बऱ्याच वेळाने तूप घेऊन बाहेर आली. तूप टेबलावर आधीपासूनच होतं.

प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. मॅडमनी चौकटी स्वतः बनवल्या, नावांऐवजी नंबर घातले, आणि कुठल्या नंबराला कुठला रंग याची यादी, म्हणजे किल्ली, आपल्या कपाटात ठेवली. त्या म्हणाल्या, आकुंचनं मोजणाऱ्याला समोर कुठला रंग आहे हे कळू नये, म्हणजे मोजणीत मनाचं काही मिसळत नाही. आणि या कामाला तुझ्यापेक्षा लायक माणूस मला सगळ्या नोएडात मिळणार नाही. हे त्या गंभीरपणे म्हणाल्या. मला एकाच वेळी भांड्याकडे आणि घड्याळाकडे बघणं जमेना, म्हणून दुसरं माणूस लागत होतं. मी बाबांशी अजून धड बोलत नव्हते, पण घरी येऊन एवढं विचारलं. त्यांनी रजेचा अर्ज टाकला.

पुढचे तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून नोएडाला आले आणि स्टुलावर बसून जेलीफिशची आकुंचनं मोजत राहिले. मी घड्याळ धरायचे, ते ओठ न हलवता मोजायचे आणि मिनिट संपलं की आकडा सांगायचे. मोजणीत त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं डबा खायचो, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि हळूहळू त्यांना प्रश्न पडू लागले. देठावरचा तो डोळा सारखा वर काय बघतो, असं त्यांनी विचारलं. मी झाडांचं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. तिथे ट्यूबलाइट आणि पंखा होता. "म्हणजे हिला आपण कुठे आहोत ते कळत नसेल," ते म्हणाले. मी म्हणाले, बहुतेक नाही. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

मॅडमनी कपाट उघडून आमच्या नंबरांना ती किल्ली लावली तेव्हा सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं निघालं. निळसर हिरवा सर्वात जास्त, तांबड्याला काही नाही. जेलीफिशकडे नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं. प्रबंधात मी पहिल्या मालिकेचे आकडे चुकले आणि का चुकले, हे अर्ध्या पानात लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की मी रस्ता कसा ओलांडते. मला चांगले गुण मिळाले.

बाबा त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. निरोपाच्या कार्यक्रमाच्या आधी त्यांनी घरात सांगितलं की ते तिथे बोलणार आहेत. आईने सगळी कारणं दिली, आणि ती सगळी बरोबर होती. तिचं शेवटचं म्हणणं एवढंच होतं की पेन्शनची ऑर्डर हातात पडू द्या, मग काय हवं ते बोला. बाबा म्हणाले, हातात पडल्यावर बोलायला काय लागतं.

कार्यक्रमाला आई आणि मी पहिल्या रांगेत होतो. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. बाबा उठले आणि हिंदीत म्हणाले की त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, नोकरीला लागले तेव्हाही दिसत नव्हता, आणि हे त्यांनी लपवलं. साहेब हसले. मग सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. साळवेजींना, म्हणजे बाबांना, विनोद करता येतो हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबा टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले आणि तेच वाक्य त्याच आवाजात, पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग समोसे आले.

पंधरा दिवसांनी खुलासा मागणारं पत्र आलं. पेन्शन अडली, पाच महिने अडली, आणि शेवटी कुठलाही शेरा न मारता सुरू झाली. पण ते पत्र आलं तेव्हा यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. उत्तर टाइप करायला मी बसले. बाबा खुर्चीवर बसून सांगत होते. एका जागी ते अडले, म्हणून मी माझ्या मनाने एक वाक्य घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं: मुलीच्या प्रयोगाच्या वेळी ही बाब प्रथमच माझ्या लक्षात आली. निरोपाच्या भाषणाची शब्दशः नोंद कोणाकडे नव्हती, त्यामुळे ते वाक्य कोणाला खोटं ठरवता आलं नसतं. पेन्शनही बहुधा त्याच महिन्यात सुटली असती.

बाबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. "काढून टाक. लिही, पहिल्या दिवसापासून माहीत होती."

मी तसं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून सही केली.